कोळणीला लागलेला काटा

माझ्या सासूबाईंना कुणी 'बिचाऱ्या' म्हटलं की माझं डोकं फिरतं. करंजाड्यातल्या आमच्या सोसायटीत हा शब्द फार स्वस्त झालाय. लिफ्टमध्ये एखादी बाई चेहरा पाडून विचारते, "बिचाऱ्यांचं लिव्हर बदललंय ना हो? कशा आहेत आता?" मी म्हणते, छान आहेत, आत्ता पनवेलच्या मच्छी मार्केटात बसल्यात, चांगली सुरमई हवी असेल तर लवकर जा, आणि उगाच घासाघीस करू नका, ऐकून घ्यावं लागेल. मग पुढचे मजले शांततेत जातात.

सासूबाईंचं नाव सोनाबाई. माहेर उरणच्या खाडीकाठी, सासरही तिथलंच. सासरे धर्मराज आधी होडीवर होते, पुढे बंदरात कामाला लागले, आणि मी या घरात यायच्या आधीच गेले. एकच मुलगा, प्रणित, तो माझा नवरा. मी समृद्धी, मूळची चिंचवडची. बेलापूरच्या एका ऑफिसात प्रणितच्या शेजारच्या टेबलावर काम करता करता कोळ्याघरची सून झाले. आमच्या घरी मासे यायचे ते कापून, साफ करून, पिशवीतून. माशाला डोळे असतात हे मला लग्नानंतर नीट कळलं.

सोनाबाईंना बघावं तर मार्केटात. गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेलं लुगडं, अंबाड्यात अबोलीचा गजरा, कानात सोनं आणि हातात कोयता. गिऱ्हाईक फारच वाकून कल्ले तपासायला लागलं की म्हणणार, "बग बग, नीट बग. मासली घ्यायला आलास का पोरगी बगायला?" गिऱ्हाईक ओशाळं हसायचं आणि पुढच्या रविवारी परत त्यांच्याकडेच यायचं, कारण शिळी मासळी ताजी म्हणून त्यांनी कधी कुणाच्या गळ्यात मारली नाही. डोळे गिऱ्हाइकावर, तोंड शेजारणीशी भांडतंय आणि हात खाली न बघता मासा कापतायत, असं त्यांचं काम चालायचं. मला त्या हातांचं फार कौतुक वाटायचं, आणि थोडी भीतीही.

लग्नानंतर पहिल्यांदा मार्केटात गेले तेव्हा मी आगाऊपणा करून कोळंबी सोलायला बसले आणि कोळंबीच्या डोक्याचं टोक बोटात घुसलं. मी केवढ्यानं ओरडले. कोळणींची सगळी ओळ हसली आणि मला त्या ओळीचा कायदा कळला. ज्या बाईला मासळी टोचेल तिने त्या दिवशी सगळ्या ओळीला चहा पाजायचा. "मासली तुला अजून वलखत नाय गो," सासूबाई म्हणाल्या, "चा सांग." मी सांगितला. हा चहा खरा नव्या मुलींनी पाजायचा, त्यात गंमत असते. जुन्या बाईने पाजला तर त्यात गंमत नसते. मग म्हणतात, हिची नजर गेली, हात गेला, आता हिने घरी बसून नातवंडं सांभाळावी. मी भोळेपणाने विचारलं, "आई, तुम्ही कधी पाजलात?" त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी चहात बघायला लागले. शेजारी बसणारी किशोरी म्हणाली, "सोनाबायचा चा? तो प्यायला आमी सरगातून खाली येऊ."

पुढे एका पावसाळ्यात त्यांचे डोळे पिवळे झाले. पाय सुजले, पोटात पाणी भरलं, आणि ज्या बाईचा आवाज मार्केटाच्या बाहेर रिक्षा स्टँडपर्यंत जायचा ती बसल्या जागी पेंगायला लागली. जुनी कावीळ आतल्या आत राहिली होती आणि वर्षानुवर्षं लिव्हर खात होती, असं तपासण्यांत निघालं. पण लिव्हर म्हटलं की लोकांच्या डोक्यात एकच बाटली फुटते. नातेवाईकसुद्धा आवाज खाली करून विचारायचे, "घ्यायच्या का हो कधी?" दारूला कधी न शिवलेल्या बाईबद्दल हे ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. त्या मात्र म्हणायच्या, "बोलू दे गो. सगल्यांच्या तोंडाला बूच कुठून आनू?"

लिव्हर बदलण्यावाचून मार्ग नव्हता. प्रणितचं जुळलं. त्यातला एक भाग काढून आईला बसवायचा, प्रणितचं उरलेलं पुन्हा वाढतं, असं डॉक्टरांनी समजावलं. सासूबाईंनी साफ नकार दिला. पोराच्या पोटावर सुरी चालवून मला जगायचं नाही, विषय संपला. प्रणित तसा कमी बोलणारा माणूस. तो त्यांच्या पलंगाच्या कडेला बसला आणि म्हणाला, "आये, माजं लिव्हर आलं कुठून? तुज्याच पोटातून ना? तुजंच तुला देतोय, तर नाटकं कशाला?" त्या रडल्या. मी त्यांना रडताना पाहिलं ते पहिल्यांदा. मग डोळे पुसून म्हणाल्या, "बरं, पण जास्त देऊ नको. तुला बी पायजे."

ऑपरेशनच्या दिवशी मी बाहेरच्या बाकावर बसले होते आणि माझं सगळं घर आत होतं. त्या दिवसाबद्दल मी जास्त लिहिणार नाही. दोघंही बाहेर आली, एवढं पुरे.

नव्या लिव्हरबरोबर जन्मभराच्या गोळ्या आल्या. आमच्या डॉक्टर आभा यांनी त्यांना समजेल असं सांगितलं. शरीर हे नवं लिव्हर परकं समजून हाकलायला बघतं, म्हणून शरीराच्या राखणदाराला या गोळ्यांनी गुंगीत ठेवायचं. पण राखणदारच गुंगीत असला की चोराचं फावतं, तेव्हा जंतूंपासून जपायचं. कालवं फोडायला खाडीत उतरायचं नाही, कच्च्या मासळीला उघडा हात लावायचा नाही, आणि कुठे खरचटलं तरी फोन करायचा. सासूबाईंनी प्रत्येक वाक्याला मान डोलावली. बाहेर आल्यावर मला विचारलं, "ही डॉक्टरीन खाते का गो मासली?" मी म्हटलं, खात असतील. "मंग हिला कलायला पायजे, मोज्यातून मासा कलत नाय."

वर्ष उलटून गेल्यावर डॉक्टरांनी मार्केटात बसायची परवानगी दिली, तीही अटी घालून. हातमोजे हवेत आणि कापायचं नाही. त्यांनी भाव करावा, गिऱ्हाइकांना बोलावं, कोयत्याचं काम किशोरीने करावं, असं ठरलं. किशोरीला ते आवडलं, सासूबाईंना अजिबात नाही. हातमोजे घालून बसलेल्या त्यांना बघून एक गिऱ्हाईक म्हणालं, "काय सोनाबाई, ऑपरेशन करताय की काय?" त्या दिवशी त्या घरी येऊन जेवल्या नाहीत.

आता जे सांगते ते मला नंतर कळलं, पण घडलं त्या क्रमाने सांगते. एका सकाळी किशोरी तिच्या भाचीच्या हळदीला चिरनेरला गेली होती. सासूबाईंचं एक जुनं गिऱ्हाईक आलं आणि त्याला शिंगाळा हवा होता. शिंगाळा म्हणजे मिशीवाला मासा, पाठीवर एक आणि दोन्ही कुशींना एकेक काटा, आणि काट्याला करवतीचे दात. जाणती कोळीण आधी ते काटे मोडते आणि मगच माशाला हात घालते. सासूबाईंनी इकडे तिकडे पाहिलं, हातमोजा काढून बाजूला ठेवला आणि कोयता उचलला. आजारपणात सुटलेली सवय हाताला आठवत होती, पण हातात पूर्वीची पकड राहिली नव्हती. मासा निसटला आणि काटा अंगठ्याच्या मुळाशी खोल घुसला.

कुणालाही आई आठवली असती. यांनी हूं की चूं केलं नाही. काटा ओढून काढला, हात पदराखाली पुसला, उरलेला मासा कापून गिऱ्हाइकाच्या पिशवीत घातला आणि वर कोथिंबीर घ्यायची आठवण करून दिली. ओळीतल्या एकीलाही पत्ता लागला नाही. घरी येऊन हातावर हळद दाबली. मी ऑफिसातून आले आणि विचारलं, "हे काय झालं?" तर म्हणाल्या, "भाकरी टाकताना तव्याला लागला हात." मी म्हटलं डॉक्टरांना फोन करू. त्या म्हणाल्या, "तव्यावर भाजलं म्हनून डॉक्टरला फोन केला तर ती डॉक्टरीन मना चूल बी बंद करंल."

दुसऱ्या दिवशी दुपारी मला त्यांचाच फोन आला. थंडी वाजते म्हणत होत्या, आणि बाहेर अंगाची लाही करणारं ऊन होतं. मी घरी पोचले तेव्हा दोन चादरी घेऊन त्या थडथडत होत्या आणि मला ओळखायलाही त्यांना जरा वेळ लागला. हातावर फोड आला होता. प्रणितने गाडी काढली आणि आम्ही तडक हॉस्पिटल गाठलं.

तेवढ्यात बातमी मार्केटात पोचली होती. आम्ही वॉर्डात आलो आणि थोड्याच वेळात किशोरी आणि ओळीतल्या आणखी बायका हजर झाल्या. माणसांची माया फार, पण त्या मायेला आवाजही फार. पलंगाभोवती त्यांनी कोंडाळं केलं आणि त्या कोंडाळ्यातून वाट काढत डॉक्टर आभा आत आल्या. ताप चढलेला, रक्तदाब खाली. लिव्हर बदललेल्या माणसाला असा ताप आला की आधी पित्तनळीत जंतू शिरल्याची शंका घेतात, तशी त्यांनी घेतली, रक्त तपासायला पाठवलं, औषधं सुरू केली. पण त्यांचं लक्ष सारखं हाताकडे जात होतं.

"आई, हे नक्की भाजलंय?"

"व्हय."

"मासळीचं काही टोचलं? काटा? खाडीच्या पाण्यात हात घातलात?"

"नाय."

"आठवून सांगा. मी रागावणार नाही."

"सांगितलं ना, नाय. कोलनीला काटा लागतो काय?" आणि एवढा ताप असताना त्यांनी किशोरीकडे बघून हसायचा प्रयत्न केला. बायकाही म्हणाल्या, "नाय हो डॉक्टर, सोनाबायला कदी लागत नाय. आमी हाव ना साक्षीला."

डॉक्टर मला आणि प्रणितला बाहेर घेऊन आल्या. त्या सरळ बोलणाऱ्या बाई, गोड बोलून वेळ घालवत नाहीत. म्हणाल्या, "मला हे भाजलेलं वाटत नाही. फोड काळपट होतोय आणि लाली मनगटाच्या वर चढायला लागलीय. समुद्राच्या, खाडीच्या पाण्यात काही जंतू असतात. तुमच्या-माझ्या हातात शिरले तर बहुतेक वेळा हात सुजेल आणि बरा होईल. यांच्या अंगात ते रक्तात जातात आणि फार वेगाने पसरतात. त्या शंकेवरून मी एक औषध वाढवलंय. पण काटा आत मोडून राहिला असेल तर हात उघडावा लागेल, आणि या अवस्थेत हात उघडणं ही लहान गोष्ट नाही. काय टोचलं, कुठे टोचलं, किती खोल, हे मला आत्ता कळायला हवं. हातावर हात ठेवून वाट बघण्याइतका वेळ आपल्याकडे नाही."

प्रणित भिंतीला टेकून उभा राहिला. त्याने शर्टावरून नकळत पोटावरच्या व्रणावर हात ठेवला होता. तो म्हणाला, "ती मला नाही सांगणार. मेली तरी नाही सांगणार." आणि मग स्वतःच दचकला.

मी आत गेले. माझं डोकं आधीच तापलेलं होतं, ते त्या दिवशी कामाला आलं. मी सगळ्या बायकांना बाहेर काढलं. किशोरी म्हणाली, "आमी काय परक्या हाव काय गो?" मी म्हटलं, "परक्या नाही, म्हणूनच बाहेर व्हा." प्रणित दारात आला, त्यालाही बाहेर काढलं. दार लावलं आणि त्यांच्या उशाशी बसले.

"आई, आता इथे कोणी कोळी नाही," मी म्हटलं. "मी चिंचवडची आहे. मला कोळंबीसुद्धा टोचते. बोंबील साफ करताना मी रडलेय हे तुम्हीच जगाला सांगितलंय. माझ्यासमोर तुमची कसली इज्जत जाणार? मला तर मासळी अजून ओळखत नाही."

त्या डोळे मिटून पडल्या होत्या. मला वाटलं झोप लागली, की दुसरंच काही. मी त्यांचा चांगला हात धरला. मी म्हटलं, "प्रणितने तुम्हाला अर्धं पोट काढून दिलं ते वाया घालवू नका हो." मी रडत होते आणि मला त्यांचा भयंकर राग आला होता, दोन्ही एकदमच.

त्यांनी डोळे न उघडताच सांगितलं. "शिंगाला."

"कुठे?"

त्यांनी अंगठ्याच्या मुळाशी बोट नेलं. "हितं. उबा गेला. काडला, पन टोक बगितलं नाय मी." मग डोळे उघडले. "डॉक्टरीनला सांग. किशोरीला नको सांगू."

मी पळतच बाहेर गेले.

डॉक्टरांनी संध्याकाळच्या आत हात उघडला. शिंगाळ्याच्या काट्याचं टोक आत होतं आणि भोवतीचं मांस सडायला लागलं होतं, ते सगळं काढावं लागलं. रक्ताच्या तपासणीत डॉक्टरांना शंका होती तेच खाडीच्या पाण्यातले जंतू निघाले. पुढचे दिवस आयसीयूत गेले. किडन्या रुसल्या, मग परत कामाला लागल्या. एकदा डॉक्टर म्हणाल्या की आता काही सांगता येत नाही, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी नर्सला विचारलं की इथे जेवणात रोज भोपळाच का. तेव्हा प्रणित कॉरिडॉरमध्ये खाली बसून हसत सुटला. लिव्हरला धक्का लागला नाही. आईच्या पोटातून आलेलं लिव्हर आईच्या पोटात टिकून राहिलं. अंगठा मात्र कायमचा आखडला. त्या हातात आता कोयता धरता येत नाही.

त्या घरी आल्यावर, पोटात दोन घास नीट जायला लागल्यावर, मी मनात साठवलेलं सगळं एकदाचं ओतलं. "एका चहाच्या फेरीसाठी मरायला निघाला होतात तुम्ही? मी पाजला असता सगळ्या मार्केटाला चहा!" त्या बराच वेळ आखडलेला अंगठा चोळत बसल्या. मग म्हणाल्या, "चा नाय गो समू. नाव. मना घर चालवायचं होतं तवा माज्याकडं तेवडंच होतं." सगळ्या आयुष्यात माणसाने एकच गोष्ट कमावलेली असली तर ती सोडायला सांगणं सोपं नसतं, हे मला तेव्हा समजलं.

पुढच्या तपासणीला आम्ही दोघी गेलो. डॉक्टर आभा जखम बघत असताना सासूबाईंनी अचानक विचारलं, "डॉक्टर, हा जंतू माज्याच वाटेला का आला? बाकीच्यांना बी काटे लागतात."

डॉक्टर म्हणाल्या, "लागतात आणि बऱ्याही होतात. तुमच्या गोळ्यांमुळे तुम्हाला जास्त धोका. पण ज्यांचं लिव्हर खराब आहे, ज्यांची साखर वाढलेली असते, त्यांनाही धोका असतोच. लगेच आल्या तर बहुतेकींचं औषधावर भागतं. लपवून ठेवलं की अवघड."

"साकरेवाल्या बायांना बी?"

"हो."

रिक्षातून येताना करंजाड्याच्या कमानीजवळ त्या म्हणाल्या, "उद्या ऑफिसला जाऊ नको. माज्यासंगं मार्केटात चल."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ठेवणीतलं हिरवं लुगडं काढलं. माझ्याकडून अंबाडा घालून घेतला आणि गजरा माळून घेतला, कारण एका हाताने जमत नव्हतं. आम्ही पोचलो तेव्हा सगळी ओळ उठली. कुणी गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली, कुणी रडलं. किशोरीने त्यांची जागा धुऊन ठेवली होती. सासूबाई बसल्या नाहीत. उभ्यानेच चहावाल्याला हाक मारली, आणि आवाज पूर्वीसारखाच निघाला.

"सगल्या ओलीला चा दे. माज्या नावाचा."

बायकांना वाटलं बरी झाली म्हणून पाजते. कुणीतरी म्हणालं, चा कशाला, पेढे दे. सासूबाईंनी आखडलेला हात पदराखालून बाहेर काढून वर धरला, सगळ्यांना दिसेल असा.

"बरं झालं म्हनून नाय. मना काटा लागला. शिंगाल्याचा. तवा नाय, भाकरी नाय, खोटं बोललं मी. लाज वाटली म्हनून खोटं बोललं नि मरायला टेकलं."

बर्फाचं पाणी ठिबकत होतं तेवढाच आवाज. मग पलीकडच्या टोकाला कुणीतरी फिसकन हसलं, कारण सोनाबाईला काटा लागणं ही तिथे हसण्याचीच गोष्ट होती. सासूबाईंनी तिकडे मान वळवली. "हास. तुमी सगल्या हासा. माजा चा प्या नि हासा. पन काटा लागला तर डॉक्टरकडं जावा. साकर हाय तिनं तर त्याच दिवशी जायचं. मना सुनेनं दार लावून इचारलं म्हनून सांगितलं मी. तुमच्या सुना इचारतीलच असं नाय."

मी तिथे माशांच्या पाट्यांमध्ये उभी होते, सँडलमध्ये खारं पाणी शिरलं होतं, आणि मला त्यांचा केवढा तरी अभिमान वाटला. आजवर मी मोठमोठी भाषणं ऐकलीत. आपलं एकुलतं एक नाव स्वतःच्या हाताने मोडून समोर ठेवणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

चहा आला. ग्लास फिरले. थट्टा सुरू झाली, एक म्हणाली सोनाबायचा चा गोड हाय, दुसरी म्हणाली जरा उशीरच झाला. किशोरीने ग्लास घेतला तो डाव्या हाताने. सासूबाई बघत राहिल्या.

"किशोरी, उजवा दाव."

"काय नाय गो."

"दाव म्हनते ना."

"तव्यावर भाजलं," किशोरी म्हणाली.

आता कुणीच हसलं नाही. सासूबाई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. आवाज पहिल्यांदाच खाली आला. "माज्याच तव्यावर भाजलं काय गो?"

किशोरीला साखर होती, हे ओळीत सगळ्यांना ठाऊक होतं. मग तिने पदराखालून हात काढला. बोटावर हळद थापलेली आणि बोट फुगलेलं. "काल लागला," ती पुटपुटली. "पालू मासलीचा काटा. एवडासा."

"चल."

"गिऱ्हाईक येल आता—"

"मासली मेलेली हाय, ती कुठं पलत नाय. आज आलीस तर गोल्या देतील, उद्या आलीस तर कापतील. माजा हात बग नि चल." त्यांनी किशोरीला चांगल्या हाताने दंडाला धरून उठवलं. चहाचा अर्धा ग्लास तसाच ठेवला. जाता जाता वळून माझ्याकडे बघितलं. "समू, बस माज्या जाग्यावर."

"मी?"

"मंग कोन?"

मी हातमोजे चढवले आणि बसले. बसायला लाकडाचा पाट होता, ओला. समोरच्या पापलेटांकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. दोघी दाराकडे चालल्या होत्या, एक पुढे, एक मागे, आणि सासूबाई एवढ्या मोठ्याने बोलत होत्या की रिक्षा स्टँडवरच्या रिक्षावाल्यांनी आधीच वळून पाहिलं असणार.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते त्यांच्या रोजच्या ओळखीचं. पिशवी उघडता उघडता थबकलं. "सोनाबाई कुठायत?"

"डॉक्टरकडे गेल्यात."

त्याचा चेहरा उतरला. "अरे देवा. परत काय झालं त्यांना?"

"त्यांना काही नाही झालं," मी म्हणाले. "त्या दुसरीला घेऊन गेल्यात." आणि हे मी इतक्या मोठ्याने म्हणाले की सगळ्या ओळीला ऐकू गेलं.